रेडिओ दुरुस्तीच्या कागदांची कहाणी

या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, शिवकालावर आणि अर्थनीतीवर विद्वानांनी विचार मांडलेले आहेत. आम्ही विद्वान नव्हे. शाळा आमची सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकाबाहेर, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विषयही आमच्या आवाक्यातलाच घेतला आहे. तो आहे जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीच्या कागदांचा. विषयाचे नाव ऐकून काही मंडळी हसली, हे आम्हांस ठाऊक आहे. घरोघरचे रेडिओ माळ्यावर गेले. आता त्यांच्या कागदांची चौकशी कोणी कशाला करावी? परंतु कामगाराचे ज्ञान कोठे लिहिले जाते, ते कोणाच्या कपाटात राहते आणि कारखाना बंद झाल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न लहान नाही. त्या प्रश्नाचे एक टोक आमच्या हाती एका रेडिओमुळे लागले. म्हणून त्या रेडिओपासूनच आरंभ करतो.

आमच्या युनियनच्या कचेरीत फळीवर एक लाकडी पेटीचा रेडिओ आहे. परभणीचे आकाशवाणी केंद्र 1968 साली सुरू झाले, त्या सुमारास जिनिंगच्या कामगारांनी व अडतीवरच्या हमालांनी वर्गणी काढून तो घेतला, असे वडीलधारी मंडळी सांगतात. बाजारभाव, शेतीची माहिती, बातम्या आणि रात्री भजने ऐकण्यासाठी कचेरीबाहेर माणसे बसत. पुढे तो बिघडला आणि वीस-पंचवीस वर्षे मुका राहिला. दोन वर्षांपूर्वी जुन्या सभासदांनी आग्रह धरला की, येत्या 1 मे रोजी हा रेडिओ बोलला पाहिजे. व्हॉल्व्हच्या रेडिओची जाण असलेले एक वयोवृद्ध मेकॅनिक गावात आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी मागचा पुठ्ठा काढला, फुंकर घालून धूळ उडवली, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, ह्याचा कागद कुठं मिळतो का पाहा. कागदाबिगर मी ह्याला हात लावणार नाही."

पन्नास वर्षे हेच काम केलेल्या माणसाने असे म्हणावे, याचे आम्हांस नवल वाटले. मग त्यांनी आम्हांस समजावून सांगितले, तेच येथे थोडक्यात सांगतो.

रेडिओ बनवणारी कंपनी प्रत्येक नमुन्यासाठी काही पानांचे एक पत्रक छापत असे. ते गिऱ्हाइकासाठी नसून दुरुस्ती करणाऱ्यासाठी असे. त्यात आतल्या जोडणीचा नकाशा असे. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पायावर किती व्होल्ट मिळाले पाहिजेत, याचा तक्ता असे. डायलची दोरी कोणत्या कप्पीवरून कशी फिरवायची, याचे चित्र असे. मेकॅनिक मंडळी त्याला नुसते 'सर्किट' म्हणत. त्यात एक आकडा फार महत्त्वाचा असे. रेडिओ हवेतली कोणतीही लहर घेतो, तिचे आधी एका ठरावीक मधल्या लहरीत रूपांतर करतो आणि मग ती वाढवतो. ही मधली लहर अमेरिकन धाटणीच्या पुष्कळ संचांत 455 किलोसायकलची असे, ब्रिटिश संचांत 465 किंवा 470 ची, तर फिलिप्सच्या अनेक संचांत 452 ची. आकडा ठाऊक नसताना अंदाजाने स्क्रू पिळले, तर काटा एका जागी आणि स्टेशन दुसऱ्या जागी अशी गत होते. परभणी केंद्राची लहर 1305 किलोहर्ट्‌झची, म्हणजे सुमारे 230 मीटरची. काटा नेमका तेथे ठेवला तरी परभणी तेथे सापडेलच असे नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. काही संच ए. सी. आणि डी. सी. अशा दोन्ही विजेवर चालावेत म्हणून बनवलेले असत. त्यांत महागडा ट्रान्सफॉर्मर नसे. व्हॉल्व्हचे तंतू दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असत. एक तंतू तुटला की सगळी माळ विझे. आणि विजेची एक तार थेट आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असे. दोन पायांचा प्लग उलटा बसला की सांगाड्यात जिवंत वीज. ही सूचना कागदावर छापलेली असे. ज्याच्यापाशी कागद नसे, त्याला ती सूचना सांगाड्याकडूनच मिळे. चाचांच्या उजव्या हाताची दोन बोटे पुरती वळत नाहीत. त्याचे कारण आम्ही इतकी वर्षे विचारले नव्हते.

म्हणजे हा कागद केवळ सोयीचा नव्हता, तो मजुराच्या सुरक्षिततेचाही होता. मग तो मजुराच्या हाती का नव्हता? याचे उत्तर शोधताना थोडे मागे जावे लागते.

आपल्या देशात नभोवाणीचा आरंभ हौशी मंडळींनी केला. 1923 साली मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रयोग सुरू केले. 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले. त्या वर्षाअखेरीस साऱ्या देशात रेडिओचे परवाने होते सुमारे साडेतीन हजार. एवढ्या गिऱ्हाइकीवर कंपनी कशी चालणार? 1930 साली तिने गाशा गुंडाळला व काम सरकारकडे गेले. 1936 मध्ये त्या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. दरम्यान 1933 च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. संच सगळे विलायती, भारी किमतीचे. त्यांचे कागद कंपनीकडून एजंटाकडे येत आणि एजंटाच्या कपाटात राहत. कागद जपून ठेवण्यात एजंटाचा धंदा होता; गिऱ्हाईक दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच्याच दारात आले पाहिजे. गल्लीतल्या मेकॅनिकला तो दाखवण्याचे कारण त्याला नव्हते.

इतरत्र काय चालले होते तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत जॉन रायडर नावाच्या गृहस्थाने 1931 च्या सुमारास नाना कंपन्यांची सर्किटे गोळा करून त्यांचे जाडजूड ग्रंथ काढण्यास आरंभ केला. पुढच्या वीस-बावीस वर्षांत असे वीसहून अधिक खंड निघाले. इंग्लंडात धंद्याच्या एका नियतकालिकाने संचागणिक दुरुस्तीचे पत्रक छापण्याचा क्रम ठेवला. एजंटाच्या कपाटातली विद्या अशी दुकानावर विकत मिळू लागली.

आपला परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत खासगी रीतीने चाललेले एक लहानसे केंद्र 1935 साली निजाम सरकारने आपल्याकडे घेतले. स्वातंत्र्य आले त्या वेळी देशी संस्थानांत पाच नभोवाणी केंद्रे होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि आपल्या मराठवाड्यातले औरंगाबाद. राज्याची भाषा उर्दू. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वरचे शिक्षण उर्दूतून देण्याचा उपक्रम केला आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालवले. शास्त्राचे व इंजिनिअरिंगचे ग्रंथ त्या खात्याने उर्दूत आणले. हे काम मोठे होते, यात संशय नाही. पण रेडिओच्या पाठीमागचा कागद इंग्रजीतच राहिला. ज्याने पेटी उघडायची तो शिकला उर्दूत, बोलत होता मराठीत किंवा दखनीत, आणि यंत्र बोलत होते इंग्रजीत. चाचांच्या उस्तादांची एक वही आहे. तिच्यात अक्षरे उर्दू, आकडे इंग्रजी आणि मधूनमधून 'दोरी', 'कथील', 'डाग' असे आपले मराठी शब्द उर्दू लिपीत लिहिलेले. आम्ही प्रथम पाहिली तेव्हा ती हिशेबाची वही वाटली. ती परभणीपुरती रायडरची पोथी होती, हे पुढे कळले.

स्वातंत्र्यानंतर रेडिओ वाढला. 1952 मध्ये आकाशवाणीने सिनेसंगीतास मज्जाव केला, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. लघुलहरींवरचे सिलोन स्वच्छ लागावे म्हणून लोक मेकॅनिककडे खेपा घालू लागले. 1956 मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्या पाच जिल्ह्यांत परभणी नव्हता. आपण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होतो. पुढे ही श्रोतृमंडळे देशात इतरत्र गेली. अशा मंडळाला गावात संच एकच. वीज नसेल तेथे तो ड्राय बॅटरीवर चाले. व्हॉल्व्हसाठी 90 व्होल्टची आणि दीड व्होल्टची अशा दोन शक्ती लागत. जोडणी चुकली तर क्षणात चारही व्हॉल्व्ह जळत. तो एक संच बिघडला की गावाचे ऐकणेही थांबले आणि बोलणेही. सभेत पुढारी बोलतो त्याची नोंद राहते. संच नीट करून सभा शक्य करणाऱ्याची नोंद राहत नाही.

त्यानंतर देशी कारखान्यांचा काळ आला. मुंबईत नॅशनल एको, ठाण्यात मर्फी, कलकत्त्यात फिलिप्स, बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर. नकाशे आता आपल्याच माणसांनी काढले, आपल्याच कामगारांनी त्यांवरून संच जोडले. परदेशी नमुन्यात फेरफार होऊन देशी नमुने निघाले; एखादा व्हॉल्व्ह मिळेना म्हणून दुसरा घातला गेला. म्हणजे इंग्लंडचा कागद आता येथे जसाच्या तसा लागू पडेना. हा इतिहास त्या नकाशांतच होता. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला, दूरदर्शन आले, 1980 नंतरच्या दशकात रेडिओचे परवानेही गेले. दुकाने टेपरेकॉर्डरकडे, मग टीव्हीकडे, मग मोबाइलकडे वळली. आणि कागद?

येथे आम्हांस स्वतःविषयी बोलणे भाग आहे. 1990 नंतरच्या काळात विजेचे सामान बनवणारा एक कारखाना बंद पडला. आपल्या जिल्ह्यातला नव्हे. नावाचे येथे प्रयोजन नाही. वडील पुढाऱ्यांबरोबर आम्ही वाटाघाटीत होतो. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, नोटीस-पगार यांवर पाच महिने भांडलो आणि बऱ्यापैकी करार पदरात पाडला. सह्या झाल्या त्या दिवशी नकाशे-विभागातला एक कामगार आमच्याजवळ आला. त्याने विचारले, "दादा, कपाटातले नकाशे कोणाकडं जाणार?" आम्ही म्हणालो, "आधी पोटाचं बघू." तो काही बोलला नाही. आठवड्याने रद्दीचा ट्रक भरला, तेव्हा आम्ही फाटकापाशी चेक मोजत होतो. त्या नकाशांत त्या माणसाची बावीस वर्षे होती. करारात त्यांच्यासाठी एक ओळ घालायला आम्हांस काही पडत नव्हते. मालकानेही ती बहुधा विनातक्रार मान्य केली असती, कारण त्याच्या लेखी ती रद्दीच होती. मालकाने विद्या कोंडून ठेवली असे भाषण आम्ही पुष्कळ ठिकाणी केले आहे. मोकळी होण्याची वेळ आली तेव्हा ती उचलून नेण्याचे आम्हांस सुचले नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

असो. चाचांनी कागद मागितला, तेव्हा युनियनमधल्या तरुणांनी सांगितले की, आता सगळे इंटरनेटवर मिळते. ते अगदीच खोटे नाही. परदेशांतल्या हौशी मंडळींनी या बाबतीत डोंगराएवढे काम केले आहे. स्वित्झर्लंडमधून चाललेल्या 'रेडिओम्युझियम'मध्ये लाखो संचांची नोंद आहे. अमेरिकेतील बिनतारीच्या शौकिनांचे 'बोट अँकर मॅन्युअल आर्काइव्ह' आहे. जुने संच इतके जड की त्यांचा नावेला नांगर व्हावा, म्हणून हे थट्टेचे नाव. सॅन फ्रान्सिस्कोचे 'इंटरनेट आर्काइव्ह' 1996 साली निघाले; ते पुस्तके आणि कागदही जपत आहे. रायडरचे खंडही आता अशा ठिकाणी पाहावयास मिळतात. ही माणसे बहुतेक पदरमोड करून राबतात. त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

पण परभणीहून त्या दारापर्यंत पोहोचताना काय काय आडवे येते ते ऐका. पहिली अडचण अशी की, संग्रह नमुन्याचा क्रमांक विचारतो. आमच्या रेडिओच्या पुठ्ठ्यावरची चिठ्ठी वाळवीने खाल्ली होती. दुसरी, तेथे विलायती नमुन्यांच्या मानाने भारतीय बनावटीची नोंद विरळ. तिसरी, काही ठिकाणी नकाशा उतरवून घेण्यासाठी सभासद व्हावे लागते. रीतसरच आहे, पण परदेशी वर्गणी भरण्याची सोय चाचांपाशी नाही. चौथी, काही कागद 'डेजाव्हू' नावाच्या पद्धतीने साठवलेले आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी थोड्या जागेत मोठे नकाशे मावावेत म्हणून ती पद्धत निघाली. आज साध्या मोबाइलवर ती फाइल उघडत नाही. उघडली तरी हातभर लांबीचा नकाशा चार बोटांच्या काचेवर वाचायचा, तोही इंग्रजीत. आणि हल्ली यंत्रांच्या झुंडी अशा संग्रहांवर तुटून पडत असल्यामुळे चालकांना दारावर पहारे बसवावे लागतात. त्या पहाऱ्यात आमच्यासारखा खरा वाचकही अडतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे दार अकस्मात बंद होऊ शकते. ऑगस्ट 2017 मध्ये चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे भारतात बंद करण्यात आली. त्या यादीत इंटरनेट आर्काइव्हचेही नाव होते. दोन सिनेमांच्या रक्षणासाठी लाखो पुस्तकांचे वाचनालय काही काळ देशाला बंद झाले. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच संस्थेवर चोरांनी हल्ला केला. काही दिवस ती पूर्ण बंद राहिली आणि नंतर काही काळ केवळ वाचण्यापुरती उघडी होती. पूर्वी कागद एजंटाच्या कपाटात होता, आज तो सातासमुद्रापलीकडच्या कपाटात आहे. मालक सज्जन आहे, एवढाच फरक. किल्ली आपल्या हाती तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

मग या प्रती आपण येथे करून ठेवाव्यात काय? कायदा काय म्हणतो ते आम्ही वाचून पाहिले. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात आज अशी तरतूद आहे की, कर्त्याचे नाव न देता प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे चालतो. 1960 साली निनावी छापलेले पत्रक या हिशेबाने 1 जानेवारी 2021 पासून सर्वांचे झाले. आता यातला विपर्यास पाहा. नकाशा काढणाऱ्या कारागिराचे नाव कंपनीने कधी छापलेच नाही. हयातभर त्याला निनावी ठेवले, आणि त्या निनावीपणामुळेच त्याचे काम आज लोकांच्या मालकीचे होत आहे. त्याला मान मिळाला नाही. निदान त्याचा कागद तरी वाया जाऊ नये.

आमच्या रेडिओचे काय झाले? एका तरुण हमालाने व्हॉल्व्हांवरचे क्रमांक पुसून पुसून वाचले आणि त्यांवरून परदेशी संग्रहात या संचाचा एक चुलतभाऊ शोधून काढला. नकाशा मिळाला, पण तो तंतोतंत जुळेना. आपल्याकडच्या कारखान्याने दोन ठिकाणी फेरफार केलेला होता. चाचांनी उस्तादांची वही काढली. तिच्यात तो फेरफार होता आणि मधल्या लहरीचा आकडाही होता, 452. परदेशाचा छापील कागद आणि परभणीची हस्तलिखित वही, दोन्ही शेजारी ठेवल्यावर काम झाले. एकट्याने कोणाचेच भागले नसते. 1 मेच्या संध्याकाळी रेडिओ बोलला. आवाजात खरखर होती. तीन म्हातारे हमाल पुढे सरकून बसले आणि बराच वेळ कोणी उठले नाही.

त्या रात्री आम्ही चाचांना विचारले की, उस्तादांच्या बरोबरीच्या दुसऱ्या मेकॅनिकांच्या वह्या कोठे असतील. ते म्हणाले, एकाची ट्रंक मुलांनी घर बांधताना विकली, वजनावर. दुसऱ्याची कोठे आहे ते माहीत नाही.

केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न हाती घेतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळही उघडले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती गिऱ्हाइकास द्यावी, हे तत्त्व त्यात आहे. ते योग्यच आहे. पण ते पुढच्या यंत्रांचे झाले. मागच्या यंत्रांची माहिती ज्यांच्या डोक्यात आणि वह्यांत आहे, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहण्याइतका वेळ नाही.

आम्ही एवढेच केले आहे. उस्तादांच्या वहीच्या तीन प्रती काढल्या. चाचांनी पानागणिक वाचून दाखवले आणि एका मुलीने त्याचे मराठी लिहून घेतले. एक प्रत युनियनच्या कचेरीत आहे, एक वाचनालयास दिली आहे, एक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकांकडे आहे. तिन्ही एकदम जळणार नाहीत आणि तिन्हींना कोणी एकदम कुलूपही घालू शकणार नाही. संगणकावरही एक प्रत ठेवली आहे, ती परदेशी संग्रहास पाठवणार आहोत. त्यांनी आपल्याला दिले, तसे आपणही दिले पाहिजे.

श्रोत्यांपैकी कित्येकांच्या माळ्यावर असा एखादा संच असेल. पेटीच्या तळाशी घडी घातलेला कागद असेल, मागच्या पुठ्ठ्यावर क्रमांकाची चिठ्ठी असेल, टपाल कचेरीचे जुने परवान्याचे पुस्तक असेल. सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा येथे ज्यांचे वडील वा आजोबा रेडिओ दुरुस्त करत, त्यांच्या घरी वह्या असतील. कागद आम्हांस नको. पाहू द्या, प्रत करून परत देऊ. आणि जेथे एखादे वर्कशॉप वा दुकान बंद होत असेल, तेथे हिशेब पुरा करताना कपाटात काय आहे तेही विचारा. आमची कचेरी रोज संध्याकाळी उघडी असते. रद्दीवाला यायच्या आधी आम्हांस बोलवा, एवढीच विनंती.